कच्चं लिंबू

माणसाची नीतिमत्ता कुठे पाहावी, असं मला कुणी पूर्वी विचारलं असतं तर 'कॅश काउंटरवर' असं उत्तर मी दिलं असतं. बावीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? पण गेल्या महिन्यात आमच्या सईचा नववा वाढदिवस झाला आणि माझं मत बदललं. माणसाची नीतिमत्ता पाहायचीच असेल, तर त्याला लहान मुलांच्या संगीत खुर्चीत गाणं चालू-बंद करायला उभं करावं. दहा मिनिटांत माणूस उघडा पडतो. मी पडलो. त्याचीच ही हकीकत.

त्याचं असं झालं. गेल्या वर्षीचा वाढदिवस आम्ही हॉल घेऊन केला होता. मुलांना खेळवायला माईकवाला एक तरुण भाड्याने आणला होता. तो दोन तास "आवाज नाही आला!" असं ओरडत होता. त्याचा स्वतःचा आवाज डोंबिवली स्टेशनपर्यंत जात असावा. मुलं एका जागी उभी राहून नाचली, केक खाल्ला आणि घरी गेली. यंदा सईने आधीच बजावलं, "बाबा, तो माईकवाला दादा नको. आपण खाली खेळू या."

"खेळांचं तुम्ही बघा," सौभाग्यवतींनी हुकूम काढला. "खाण्याचं मी बघते. रांगेतल्या माणसांना शांत ठेवायची तुम्हाला सवय आहे."

बावीस वर्षांत मला एकही रांग शांत ठेवता आलेली नाही, हे मी हिला अजून सांगितलेलं नाही. हल्ली आमच्या बँकेत क्लार्कला 'कस्टमर असोसिएट' म्हणतात. नाव भारदस्त झालं, रांग तीच राहिली. पण घरात माझा जो काही दरारा आहे तो या रांगेवरच उभा आहे. मी मान डोलावली आणि एक फाइल उघडली. कॉमर्सच्या माणसाला फाइल उघडली की निम्मं काम झाल्यासारखं वाटतं. उरलेलं निम्मं फाइल बंद केली की होतं.

फाइलमध्ये पहिला कागद लागला तो जागेचा. आमच्या सोसायटीचं पटांगण टेप लावून मोजलं. चाळीस फूट बाय पंचवीस. त्यात तीन मोटारी, अकरा स्कूटर, पाण्याच्या टाकीचं झाकण आणि सेक्रेटरींच्या कुंड्या. मोटारीला चेंडू लागता कामा नये, अशी सेक्रेटरींची अट होती, आणि कुंडीला मूल लागता कामा नये अशी उपअट. लगोरी तिथेच बाद झाली. विटी-दांडूचं नाव काढल्याबरोबर पहिल्या मजल्यावरच्या तीन खिडक्या आपोआप बंद झाल्या. खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर १९१४ साली बांधले गेले. दोन खांबांच्या मधे कुणी मोटार उभी करेल, ही कल्पना त्या भल्या माणसांना नसणार. पोत्याच्या शर्यतीसाठी वाण्याकडे पोती मागायला गेलो, तर त्याच्याकडे प्लॅस्टिकच्या गोण्या निघाल्या. त्यात पाय घातला की माणूस उडी मारायच्या आधीच घसरतो. अस्सल तागाचं एकच पोतं मिळालं, ते मिरच्यांचं. ते मी स्वतः आत शिरून पाहिलं, आणि पुढचा अर्धा तास सबंध कुटुंब शिंकत होतं.

डबा ऐसपैस मात्र मी स्वतःच्या हाताने खोडला. डबे मिळत नाहीत, हे कारण हिला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. ते पुढे येईलच.

राहता राहिले लिंबू-चमचा, संगीत खुर्ची आणि साखळी. एवढ्यावर काम भागलं असतं. पण रात्री फाइल घेऊन बसलो आणि मला आकडेमोडीची दुर्बुद्धी झाली. यादीत सईसकट चौदा मुलं. म्हणजे संगीत खुर्चीला तेरा खुर्च्या आणि तेरा फेऱ्या. पहिल्या फेरीत जो बाद होईल तो पुढच्या बारा फेऱ्या कट्ट्यावर बसून राहणार. ज्याला खेळ कमी जमतो त्याला खेळायलाही सर्वांत कमी मिळणार. आणि जो पटाईत आहे, ज्याला सरावाची काही गरज नाही, तो शेवटपर्यंत मैदानात. मला आमच्या बँकेचीच आठवण झाली. ज्याला पैशाची निकड असते त्याला आम्ही कागद आणायला परत पाठवतो, आणि ज्याला नसते त्याच्या घरी फोन करून कर्ज देतो.

त्या मानाने आपली कबड्डी पाहा. समोरचा एक बाद झाला की आपला बाद झालेला एक जिवंत होऊन परत येतो. एकीकडे नावे, दुसरीकडे जमा. १४९४ साली व्हेनिसला लुका पाचोली नावाच्या गणिती साधूने दुहेरी नोंदीची पद्धत छापील पुस्तकात मांडली, असं आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. त्याने कबड्डी पाहिली असती तर त्याला पुस्तक एवढं जाडजूड करावं लागलं नसतं. पण नव्या फ्रॉकमधल्या मुलींना सिमेंटच्या जमिनीवर कबड्डी खेळायला लावण्याची माझी प्राज्ञा नव्हती.

साखळीचंही तसंच आहे. त्यात जो सापडतो तो घरी बसत नाही, पकडणाऱ्याचा हात धरून त्याच्याच बाजूने पळायला लागतो. मी साखळीपुढे लाल शाईने खूण केली.

मग बक्षिसांचा प्रश्न आला. यावर आमच्या घरात तीन पक्ष पडले.

"सगळ्यांना सारखंच द्या," ही म्हणाली. "एकाला कंपास आणि दुसऱ्याला काही नाही, असं केलंत तर ती रडणारी मुलं सांभाळायला तुम्ही थांबा."

"सगळ्यांना द्यायचं तर त्याला बक्षीस कशाला म्हणायचं?" मी म्हणालो. "त्याला प्रसाद म्हणावं."

"आमच्या वेळी बक्षीसबिक्षीस काही नव्हतं बाई," आई जपमाळ थांबवून म्हणाली. "गुडघे फुटायचे, तेवढे घेऊन घरी यायचं."

यावर लुई कॅरल आठवला. हा गृहस्थ ऑक्सफर्डला गणित शिकवायचा. १८६५ साली त्याने ॲलिसच्या नवलनगरीची गोष्ट छापली. तीत भिजलेले पशुपक्षी अंग वाळवायला एक शर्यत लावतात. वाटेल तेव्हा पळायला लागायचं, वाटेल तेव्हा थांबायचं. मग डोडो पक्षी खूप विचार करून निकाल देतो, की सगळेच जिंकले आणि सगळ्यांना बक्षीस. ते द्यायचं कुणी? तर ॲलिसने, आपल्या खिशातल्या गोळ्या वाटून. आणि ॲलिसला काय मिळतं? शिवताना बोटात घालायचं टोपण, तेही तिच्याच खिशातलं, समारंभपूर्वक तिलाच परत! वाढदिवस करणाऱ्या बापाची अवस्था इतक्या नेमकेपणाने दुसऱ्या कुणी सांगितली असेल असं मला वाटत नाही.

शेवटी तोड निघाली. जिंकणाऱ्याला एक शिट्टी, आणि जाताना सगळ्यांना सारखे रंगीत खडू. न्यायही झाला, दयाही झाली, वर शिट्ट्या स्वस्त मिळाल्या. मी फाइल बंद केली.

वाढदिवसाच्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता चौदा मुलं जमली आणि पंधरावा आला ओम. तो यादीत नव्हता. दुसऱ्या मजल्यावरच्या मृण्मयीचा हा धाकटा भाऊ. पाच पुरी व्हायला अजून दोन महिने. शर्ट चड्डीत खोचलेला, केसांना पाणी लावून भांग पाडलेला, आणि हातात सईसाठी स्वतः काढलेलं हत्तीचं चित्र. तो हत्ती आहे हे त्याने सांगितलं म्हणून कळलं.

"काका, हा पण खेळणार म्हणतोय," मृण्मयी कुरकुरली.

"खेळू दे की," अर्णव म्हणाला. अर्णव म्हणजे आमच्या सोसायटीतला कायदेपंडित, वय वर्षं दहा. "तो कच्चं लिंबू."

"हो, कच्चं लिंबू! कच्चं लिंबू!" सगळ्यांनी एकमुखाने ठराव मंजूर केला.

मंडळी, कच्चं लिंबू म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. सगळ्या खेळात असतो आणि कुठल्याच हिशेबात नसतो, असा तो भिडू. तो पळतो, ओरडतो, दमतो, पण बाद होत नाही. त्याला पकडलं तरी त्याच्यावर राज्य येत नाही. (हा 'राज्य' शब्दही काय नामी आहे! ज्याच्यावर राज्य येतं त्याच्यापासून बाकीचे सगळे जीव घेऊन पळतात. मोठ्यांच्या राजकारणाला जे मान्य करायला जड जातं ते आपली मुलं पाचव्या वर्षी शिकतात.) खो-खो, कबड्डीच्या नियमांच्या पुस्तकात कच्च्या लिंबाचं कलम नाही. ते पोरांनी पोरांसाठी केलेलं कलम आहे, आणि वरवर पाहिलं तर फार दयाळू कलम आहे. रिझर्व्ह बँकेने बँकांना एकूण कर्जातलं चाळीस टक्के कर्ज शेती, लहान उद्योग अशा प्राधान्य क्षेत्राला द्यायला सांगितलं आहे, त्यामागेही अशीच काहीतरी कळकळ आहे. ज्याचे पाय लहान त्याला नियम थोडे सैल.

पण 'कच्चं लिंबू' हे शब्द कानांवर पडले आणि माझ्या पोटात काहीतरी हललं. कारण मी स्वतः दोन वर्षं कच्चं लिंबू होतो.

ही १९८५-८६ सालची गोष्ट. साताऱ्याला आमच्या वाड्यात संध्याकाळी डबा ऐसपैस रंगायचा. दादा दहा वर्षांचा, मी पाचाचा. एके दिवशी मला लपायला अशी जागा सापडली, की तशी वाड्याच्या इतिहासात कुणाला सापडली नव्हती. न्हाणीघराच्या बाहेर पाण्याचं मोठं पिंप होतं, त्याच्यामागे. मी श्वास रोखून बसलो. एकेक जण सापडल्याचे आवाज येत होते. डबा वाजला, पुन्हा राज्य बदललं, पुन्हा डबा वाजला. डास चावत होते, पण मी हललो नाही. दिवेलागण झाली, आवाज थांबले. मला वाटलं, आता सगळे मिळून मलाच शोधताहेत. छाती अभिमानाने भरून आली. मग दादा आला.

"अरे, तू इथे काय करतोयस? आई केव्हाची जेवायला हाक मारतेय."

"मी सापडलो नाही ना?" मी विचारलं.

"तुला शोधतंय कोण?" दादा म्हणाला. "तू कच्चं लिंबू."

दादाच्या आवाजात दुष्टपणा नव्हता. पाऊस पडतोय म्हणावं तसं त्याने ते सांगितलं. पण त्यानंतर चाळीस वर्षं झाली, मी कुठल्याही खेळाची यादी केली की डबा ऐसपैसवर काट मारतो.

तेव्हा हे सगळं पोटातून डोक्यात गेलं आणि मी एकदम पुढारी झालो. हात वर करून म्हणालो, "आज कुणी कच्चं लिंबू नाही! आजपासून सगळे पक्के!"

मुलांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. ओमने मात्र मान ताठ केली. लगेच एक व्यवहारी अडचण उभी राहिली. कच्च्या लिंबाला खुर्ची लागत नाही, नागरिकाला लागते. पंधरा मुलं झाली, म्हणजे चौदा खुर्च्या हव्यात, आणि सोसायटीच्या खुर्च्या तेराच. मी वर जाऊन स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं. भेळेचा कांदा चिरता चिरता ही म्हणाली, "स्टूल कशाला?"

"समतेसाठी," मी म्हणालो.

"परत जागेवर आणून ठेवा," ही म्हणाली.

संगीत खुर्ची सुरू झाली. गाणं चालू-बंद करणाऱ्याने पाठ करून उभं राहायचं, हा जगभरचा नियम. मी मोबाइल हातात घेतला आणि पाठ केली. आता याला योगायोग म्हणा की प्रारब्ध, माझ्या तोंडासमोर माझीच स्कूटर उभी होती आणि स्कूटरच्या आरशात सबंध संगीत खुर्ची दिसत होती.

पहिल्या फेरीत मी प्रामाणिक होतो. निदान अर्धा मिनिट तरी. मग आरशात ओम दिसला. तो जीव खाऊन पळत होता, पण नेमका दोन खुर्च्यांच्या मधे होता आणि त्याच्या मागे-पुढे त्याच्या दुप्पट उंचीची मुलं होती. आत्ता गाणं थांबलं तर हा पहिल्याच फेरीत कट्ट्यावर जाणार, आणि याला पक्कं कुणी केलं? मी. माझा अंगठा आपोआप थांबला. ओम स्टुलापाशी आला, आणि अंगठा आपोआप दाबला गेला.

बावीस वर्षांत माझ्या कॅशमध्ये एक रुपया कधी इकडचा तिकडे झाला नाही. कमी आला तर खिशातून भरला, जास्त आला तर त्याची नोंद केली. तो मी, भर पटांगणात, पंधरा लेकरांच्या देखत, आरशात बघून अफरातफर करत होतो. आणि खरं सांगू? मला वाईट वाटत नव्हतं. मला फार थोर वाटत होतं. नियम पाळणाऱ्या माणसाला हे सुख माहीतच नसतं. आपण सगळ्यांच्या वर आहोत, एका गरिबाचं भलं करतो आहोत, आणि कुणाला पत्ता नाही! मोठमोठे घोटाळे करणाऱ्यांनाही सुरुवातीला असंच वाटत असणार.

पाचव्या फेरीत सई खुर्चीपासून दोन पावलं पुढे गेली आणि त्याच क्षणी ओम स्टुलाजवळ पोचला. मी गाणं बंद केलं. सई बाद झाली. स्वतःच्या वाढदिवसाला. कट्ट्याकडे जाताना तिने वळून पाहिलं. माझ्याकडे नाही, स्कूटरकडे.

शेवटी उरले अर्णव आणि ओम, आणि मधे स्टूल. गाणं थांबलं आणि ओम स्टुलावर चढला. बसायला त्याला चढावंच लागत होतं. मुलांनी टाळ्या वाजवल्या, मी शिट्टी त्याच्या गळ्यात घातली आणि त्याने ती इतक्या जोरात फुंकली की सेक्रेटरी गॅलरीत आले.

"काका," अर्णव शांतपणे म्हणाला, "तुम्ही आरशात बघत होतात."

पटांगणात शांतता पसरली. बावीस वर्षांत मला न जमलेली शांतता.

"मला पण दिसलं," सई म्हणाली.

ओमने शिट्टी तोंडातून काढली. माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे मी जिंकलो नाही?"

मंडळी, बँकेत असा अडचणीचा प्रश्न आला की आम्ही 'वरिष्ठांना विचारून सांगतो' म्हणतो. माझे वरिष्ठ वर भेळ कालवत होते. 'नाही रे, तूच जिंकलास' म्हणावं तर आणखी एक खोटी नोंद करायची, पहिली झाकायला. अफरातफर अशीच वाढत जाते, हे आम्ही ट्रेनिंगमध्ये शिकतो. आणि 'नाही' म्हणावं तर त्या गळ्यातल्या शिट्टीकडे बघवत नव्हतं. मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो.

"नाही रे ओम," मी म्हणालो. "मी तुला बघून गाणं थांबवत होतो. चूक माझी आहे, तुझी नाही."

तो रडेल असं मला वाटलं. तो रडला नाही. त्याने माझ्या खांद्यावर एक गुद्दा मारला. मग गळ्यातली शिट्टी काढली आणि माझ्या हातात दिली.

आता हे सगळं झाल्यावर विचार करायला मला महिनाभर मिळाला आहे, म्हणून सांगतो. पोरांच्या कच्च्या लिंबात आणि माझ्या दयाळूपणात फरक कुठे आहे? दोघांनीही लहानाला सवलतच दिली. पण पोरं ती सवलत खेळ सुरू व्हायच्या आधी, सगळ्यांसमोर, मोठ्याने जाहीर करतात. ज्याला ती मिळते त्यालाही ती ऐकू येते. बँकेत ज्येष्ठ नागरिकांना व्याज थोडं जास्त मिळतं, ते बोर्डावर लिहिलेलं असतं. उद्या मला एखाद्या आजोबांचा कळवळा आला आणि मी गुपचूप त्यांच्या खात्यात शंभर रुपये जास्त जमा केले, तर ते कितीही पुण्याचं वाटलं तरी मला घरी पाठवतील, आणि बरोबरच आहे. सवलत बोर्डावर लिहिली की ते धोरण होतं, आरशात बघून दिली की चोरी. चोरी तरी कुणाची? सईची एक खुर्ची गेली ती गेलीच. पण सगळ्यांत जास्त चोरी झाली ओमची. त्याला वाटत होतं तो पळतोय, आणि पळवत होतो मी. पिंपामागे मला कुणी शोधत नव्हतं, पण निदान मला कुणी 'सापडला नाहीस, शाबास!' म्हणून शिट्टी तरी दिली नव्हती.

असो. पटांगणात न्यायदान चालू होतं. निकाल सईने दिला. "परत खेळू या. बाबा भिंतीकडे तोंड करतील. आणि ओम कच्चं लिंबू."

"मला नको कच्चं लिंबू," ओम म्हणाला.

"मग आऊट होशील," अर्णवने समज दिली.

"होईन," ओम म्हणाला.

अर्णवने माझ्या स्कूटरचा आरसा फिरवून ठेवला. मला टाकीजवळच्या भिंतीला तोंड लावून उभं केलं. शाळेत अशी शिक्षा भोगल्यानंतर इतक्या जवळून भिंत मी प्रथमच पाहत होतो. गाणं सुरू केलं, मनात वीस मोजले, बंद केलं. पुन्हा सुरू केलं, या वेळी बारा मोजले. दुसऱ्या फेरीत ओम बाद झाला.

तेव्हा मात्र तो रडला. कट्ट्यावर बसून, दोन्ही मुठी डोळ्यांवर ठेवून. मी भिंतीकडे तोंड करून ते ऐकत होतो, आणि अंगठा जिथल्या तिथे ठेवणं हे बावीस वर्षांतलं सर्वांत अवघड काम होतं. मृण्मयी त्याच्याजवळ गेली, तिला त्याने ढकललं. चौथ्या फेरीपर्यंत रडणं संपलं. सहाव्या फेरीला कट्ट्यावरून आवाज यायला लागला, "ए, तू आऊट! इथे बस! माझ्या बाजूला!" त्याला कामच मिळालं होतं. शिट्टी अर्णवने जिंकली आणि ती पुढचे पंधरा दिवस सबंध सोसायटीने ऐकली.

मग भेळ झाली, केक झाला आणि अंधार पडायच्या आधी साखळी. पाणीपुरवठ्याची मोटर लावायला सेक्रेटरी खाली आले होते, ते स्वतःच्या कुंड्यांना पाठ लावून पहाऱ्याला उभे राहिले. मलाही मुलांनी खेळायला घेतलं, बहुधा माझ्यावर नजर ठेवायला. दुसऱ्या डावात सर्वांत आधी सापडला ओम. अर्णवने त्याला पकडलं, चांगलं पळत जाऊन पकडलं. नियमाप्रमाणे पुढच्या डावाचं राज्य ओमवर.

सगळे थांबले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं. कुणीही ते दोन शब्द उच्चारले नाहीत.

"माझ्यावर राज्य आलं!" ओम ओरडला. "आई! माझ्यावर राज्य आलं!" दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीकडे बघून तो हे इतक्या आनंदाने सांगत होता, की राज्याभिषेकाला बसलेला राजासुद्धा एवढा खूश दिसला नसेल. मग तो पळत सुटला. चौदा मुलं त्याच्यापासून खरोखरची पळत होती. पाच मिनिटं त्याला कुणी सापडलं नाही. मग त्याने आजूबाजूला नीट पाहिलं, हिशेब केला आणि माझ्या दिशेने यायला लागला.

मी पळालो. शपथेवर सांगतो, मी मनापासून पळालो. स्कूटर आणि कुंड्यांच्या मधल्या बोळकांडीत शिरलो, सेक्रेटरी ओरडले म्हणून बिचकलो, वळलो, आणि त्याने मागून माझा शर्ट धरला.

"तुम्ही मुद्दाम सापडलात," रात्री पसारा आवरताना ही म्हणाली. तिने सगळं गॅलरीतून पाहिलं होतं.

"पंचेचाळिसाव्या वर्षी मुद्दाम सापडावं लागत नाही," मी म्हणालो. माझे दोन्ही गुडघे तेव्हा आयोडेक्सच्या स्वाधीन होते. आईने जपमाळ ओढता ओढता त्यांच्याकडे समाधानाने पाहिलं.

झोपण्यापूर्वी मी साताऱ्याला दादाला फोन केला. म्हटलं, "दादा, तुला आठवतं का रे, मी पिंपामागे लपलो होतो..."

"कुठलं पिंप?" दादा म्हणाला.

चाळीस वर्षं मी जे पिंप उराशी धरून बसलो होतो, ते त्याच्या लेखी अस्तित्वातच नव्हतं. मी सगळी गोष्ट सांगितली. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पोरं तुला घ्यायलाच तयार नसायची रे. म्हणायची, लहान आहे, रडतो, खेळ मोडतो. मी भांडायचो त्यांच्याशी. शेवटी कच्चं लिंबू म्हणून घ्या, या बोलीवर ते तयार झाले."

हा कागद माझ्या फाइलमध्ये नव्हता. मी त्याला "जेवलास का?" असं काहीतरी विचारलं आणि फोन ठेवला. मला आत घेण्यासाठी कुणीतरी भांडलं होतं, हे मला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. आणि आत आल्यानंतर मी केव्हा पक्का झालो हे विचारायचं राहून गेलं होतं. दोन्ही गोष्टी एकाच खात्यावरच्या. एक बाजू वाचून मी चाळीस वर्षं शिल्लक काढत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळची लोकल गाठायला मी लंगडत निघालो. फाटकापाशी शाळेच्या बसची वाट बघत ओम उभा होता.

"काका, काल मी तुम्हाला पहिलं पकडलं," तो म्हणाला. "म्हणजे आता राज्य तुमच्यावर."

"हो रे बाबा," मी म्हणालो. "माझ्यावर."

"संध्याकाळी द्यायचं," त्याने बजावलं. "विसरायचं नाही."

थकबाकीदारांना आठवणीच्या नोटिसा पाठवण्यात माझी बावीस वर्षं गेली. इतक्या गोड शब्दांत नोटीस काढायला मला अजून जमलेलं नाही. त्या संध्याकाळी मी बँकेतून वेळेवर निघालो.